सुई का हलत नाही? घरच्या सिम्युलेटरमधील आयएलएसचे दोष शोधताना

धावपट्टी डोळ्यांना दिसत नसतानाही विमानाला तिच्या मध्यरेषेवर आणि योग्य उतारावर धरून ठेवणारी रेडिओ यंत्रणा म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम. वैमानिकांच्या बोलण्यात ती केवळ आयएलएस. तिचे मुख्य भाग दोन. लोकलायझर डावे-उजवे सांगतो. त्याचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाच्याही पुढे उभा असतो. ग्लाइड स्लोप वर-खाली सांगतो. त्याचा मनोरा विमान जिथे टेकायचे त्या जागेच्या बाजूला, धावपट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे 300 मीटर आत असतो. लोकलायझर 108.10 ते 111.95 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो, तर ग्लाइड स्लोप 329 ते 335 मेगाहर्ट्झच्या आसपास. प्रत्येक लोकलायझरच्या वारंवारतेशी ग्लाइड स्लोपची एक वारंवारता कायमची जोडलेली असते. म्हणून वैमानिक एकच आकडा लावतो आणि दुसरा रेडिओ आपोआप जुळतो.

दोन्ही भागांचे तत्त्व एकच आहे. लोकलायझर दोन झोत सोडतो. उतरणाऱ्या विमानाच्या दृष्टीने मध्यरेषेच्या डावीकडे 90 हर्ट्झच्या स्वराचे प्राबल्य असते, उजवीकडे 150 हर्ट्झच्या. दोन शेतांच्या मधल्या बांधावरून चालावे तसे विमान या दोन स्वरांच्या सीमेवरून चालते. डावीकडच्या शेतात पाय पडला की सुई उजवीकडे बोट दाखवते. ग्लाइड स्लोपमध्ये हीच मांडणी उभी केलेली असते. उताराच्या वर 90, खाली 150, आणि दोन्ही समसमान असतात ती रेषा जमिनीशी बहुतेक ठिकाणी 3 अंशांचा कोन करते. रेडिओ फक्त या दोन स्वरांच्या बळातला फरक मोजतो आणि तो सुईवर दाखवतो.

ही कल्पना जुनी आहे. 26 जानेवारी 1938 रोजी पेनसिल्व्हेनिया सेंट्रल एअरलाइन्सचे बोइंग 247 विमान प्रवाशांसह बर्फाच्या वादळात अमेरिकेतील पिट्सबर्गला या पद्धतीने उतरले. त्यानंतर ट्रान्झिस्टर आले, उपग्रह आले, पण 90 आणि 150 हर्ट्झ तेच राहिले.

घरच्या संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये मात्र यातले काहीच नसते. तिथे ना अँटेना, ना लहरी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर असो, एक्स-प्लेन असो किंवा फुकट मिळणारा फ्लाइटगियर असो, प्रत्येकाच्या पोटात एक तक्ता असतो. अमुक अक्षांश-रेखांशावर अमुक वारंवारतेचा लोकलायझर आहे, त्याची दिशा ही, पल्ला हा, ओळखीची अक्षरे ही. सिम्युलेटर सेकंदाला अनेकदा विमानाची जागा घेतो, तक्त्यातल्या जागेशी कोन काढतो आणि सुई तितकी सरकवतो. खऱ्या जगात झोत वाकवणारी गोष्ट, म्हणजे अँटेनासमोर उभे असलेले एखादे मोठे विमान किंवा जवळची इमारत, इथे सहसा हिशेबातच येत नाही.

यावरून दोष शोधण्याची दिशा ठरते. ‘सिग्नल येत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा दोष तीनच ठिकाणी असू शकतो: विमान चुकीच्या जागी आहे, कॉकपिटमधले एखादे बटण चुकीचे आहे, किंवा तक्ता चुकीचा आहे. शक्यतेचा क्रमही हाच. नवशिके नेमके उलट्या बाजूने सुरू करतात. सुई हलली नाही की आधी सगळा सिम्युलेटर काढून पुन्हा बसवतात, त्यात अख्खी रात्र जाते, आणि सुई पुन्हा तशीच पडून राहते. कारण विमान अजून पल्ल्यातच आलेले नसते.

नारायणगडावरून चिकलठाण्याकडे

पल्ल्याचा प्रश्न प्रत्यक्ष उड्डाणावरच नीट समजतो. धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा नारायणगड बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगांत आहे. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. सर्वांत सोयीचा मोठा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाण्याचा. आंतरराष्ट्रीय संकेताक्षरांत तो व्हीएएयू. सिम्युलेटरमध्ये शोधताना ही चार अक्षरेच लिहावीत, कारण बहुतेक तक्त्यांत गावाचे नाव अजून औरंगाबाद असेच असते. धावपट्टी पूर्व-पश्चिम, म्हणजे 09 आणि 27. लांबी 2,835 मीटर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची 1,911 फूट.

समजा, नकाशावर नारायणगडाच्या माथ्यावर सेसना 172 ठेवले, उंची 6,500 फूट घेतली आणि 09 धावपट्टीवर आयएलएसने उतरायचे ठरवले. चिकलठाणा इथून उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे, पन्नास ते साठ सागरी मैलांच्या दरम्यान आहे. वारंवारता अचूक लावली तरी सुई निर्जीव राहील, आणि तेच बरोबर आहे. लोकलायझरचा प्रमाणित पल्ला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 10 अंशांच्या आत 25 सागरी मैल आणि 35 अंशांपर्यंत 17 सागरी मैल एवढाच असतो. ग्लाइड स्लोपचा तर अवघा 10 सागरी मैल, तोही मध्यरेषेपासून 8 अंशांच्या आत. गेवराईचा परिसर मागे पडून गोदावरी ओलांडली तरी विमानतळ अजून तीसेक सागरी मैल पुढे असतो. एवढ्या लांबून व्हीओआर हे दुसरे रेडिओ साधन मिळते, त्यामुळे गैरसमज अधिक पक्का होतो: ‘व्हीओआर येतो, मग आयएलएस का नाही?’ दोन्ही एकाच रेडिओवर लागतात, पण व्हीओआर चहूबाजूंना बोलतो आणि लोकलायझर एका अरुंद पाचरीत.

अंतर कमी झाल्यावरही प्रश्न संपत नाही. 09 वर उतरायचे म्हणजे विमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे यायचे. या धावपट्टीचा लोकलायझर पूर्वेच्या टोकाला असतो आणि त्याची पाचर पश्चिमेला, शहराच्या अंगावरून पसरलेली असते. दक्षिणेकडून सरळ विमानतळावर चालून येणारे विमान 15 सागरी मैलांवर असले तरी त्या पाचरीच्या पूर्ण बाहेर असते. म्हणून मार्ग पैठणच्या बाजूने घ्यावा, नाथसागराचे पाणी डाव्या हाताला ठेवावे, आणि शहराच्या पश्चिमेला धावपट्टीपासून दहा-बारा सागरी मैलांवर पोहोचावे. तिथे 060 या दिशेने, म्हणजे मध्यरेषेशी 30 अंशांचा कोन करून, आत शिरावे. सुई एका बाजूला टेकलेली असेल. विमान मध्यरेषेजवळ आले की ती सुटते आणि मधोमध सरकू लागते. सुई टेकलेली असताना ती ‘अडकली’ असे समजून बटणे फिरवणे हा सर्वाधिक होणारा घोळ.

ती सुटल्यावर किती वेगाने सरकेल याचाही अंदाज असावा. धावपट्टीच्या उंबरठ्यापाशी लोकलायझरची पूर्ण रुंदी सुमारे 210 मीटर ठेवलेली असते. चिकलठाण्याच्या लांबीच्या धावपट्टीवर याचा अर्थ मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 2 अंश. व्हीओआरवर तीच सुई टोकाला जायला 10 अंश लागतात. त्यामुळे आयएलएसची सुई चार-पाच पट चपळ असते, आणि व्हीओआरची सवय असलेल्या हाताला ती बिघडल्यासारखी, सैरभैर वाटते. दहा सागरी मैलांवर मध्यरेषेपासून सातशे मीटर बाजूला गेले की सुई पुन्हा टोकाला टेकते.

उंचीचा हिशेब कागदावर आधीच मांडून ठेवावा. तीन अंशांच्या उतारावर प्रत्येक सागरी मैलामागे सुमारे 318 फूट उंची कमी होते. उंबरठा ओलांडताना विमान 50 फुटांवर असावे असे धरले, तर 5 सागरी मैलांवर 3,550 फूट, 8 सागरी मैलांवर 4,500 फूट आणि 10 सागरी मैलांवर 5,140 फूट असे आकडे येतात, सर्व समुद्रसपाटीपासून. म्हणजे 4,500 फुटांवर सरळ उडणाऱ्या विमानाला ग्लाइड स्लोप 8 सागरी मैलांवर भेटला पाहिजे. तो तिथे भेटला नाही, तरच काही बिघडल्याचा संशय घ्यायचा. 90 नॉट वेगाने या उतारावर मिनिटाला सुमारे 480 फूट खाली यावे लागते. हे आकडे संगणकापुरते. कोणत्या टोकाला आयएलएस आहे, वारंवारता किती आणि किमान उंची किती हे भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाच्या प्रकाशित तक्त्यातून घ्यावे.

लाल पट्टी काय सांगते

विमान योग्य जागी आहे आणि तरीही सुई चालत नाही, असे झाले की पाहायची पहिली गोष्ट सुई नव्हे, तिच्या शेजारची लहान लाल पट्टी. वैमानिक तिला फ्लॅग म्हणतात. फ्लॅग दिसत असेल तर रेडिओला ऐकण्याजोगा सिग्नल मिळतच नाही. फ्लॅग नसेल आणि सुई चुकीची वाटत असेल तर सिग्नल मिळतो आहे, पण तो दुसऱ्याच कशाचा तरी आहे किंवा चुकीच्या पद्धतीने दाखवला जातो आहे. हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत. लोकलायझर आणि ग्लाइड स्लोप यांचे फ्लॅगही स्वतंत्र असतात. एक चालू आणि दुसरा बंद असणे शक्य आहे, आणि खऱ्या विमानतळांवर तसे घडतेही. 6 ऑगस्ट 1997 रोजी गुआम बेटावर कोरियन एअरचे बोइंग 747 टेकडीवर आदळून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या रात्री तिथला ग्लाइड स्लोप दुरुस्तीसाठी बंद होता आणि तशी सूचनाही आधीच निघालेली होती, तरी तो चालू आहे की नाही याबद्दल कॉकपिटमध्ये गोंधळ झाला.

फ्लॅग दिसत असल्यास आकडा तपासावा. इथे एक सोपी कसोटी आहे. 112 मेगाहर्ट्झच्या खाली दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक विषम असेल तरच ती आयएलएसची वारंवारता: 108.10, 108.15, 108.30, 109.50, 110.35 अशी. सम अंक असलेल्या वारंवारता व्हीओआरच्या. म्हणजे 110.20 लावून आयएलएसची वाट पाहणाऱ्याने तक्ता चुकीचा वाचला आहे. अशा आयएलएसच्या वारंवारता जगभरात मिळून 40च आहेत, म्हणून दूरदूरच्या विमानतळांवर त्याच त्या आकड्यांची पुनरावृत्ती होते.

आकडा बरोबर असला तरी तो कोणत्या खिडकीत आहे हे पाहावे. रेडिओला दोन खिडक्या असतात: चालू आणि राखीव. नवा आकडा राखीव खिडकीत येतो. दुहेरी बाणाचे बटण दाबल्यावरच तो चालू होतो. जीएनएस 530 सारखे उपकरण नकाशातून आयएलएस निवडल्यावर वारंवारता स्वतः भरते, पण राखीव खिडकीत. वापरणारा समजतो की काम झाले. बोलण्याच्या रेडिओत दिशादर्शनाचा आकडा भरणे, किंवा पहिल्या रेडिओऐवजी दुसऱ्यात भरणे आणि पहिल्याची सुई बघत बसणे, हेही नेहमीचेच. विमान थंड अवस्थेतून सुरू केले असेल तर एव्हिऑनिक्सची कळ वर आहे का, आणि सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये आपोआप बिघाड होण्याचा पर्याय कधी काळी चालू केला होता का, हेही एकदा पाहून घ्यावे.

यानंतरची तपासणी कानाने होते. प्रत्येक आयएलएस आपली ओळख मोर्स लिपीत सतत सांगत असतो आणि ती बहुधा आय या अक्षराने, म्हणजे दोन टिंबांनी, सुरू होते. ध्वनिफलकावर त्या रेडिओचे बटण दाबले की ती ऐकू येते. नव्या काचेच्या पडद्यांवर तीच अक्षरे लिहून दिसतात. घरी हे पाऊल जवळजवळ सगळेच गाळतात. पण सुई खरी की खोटी हे ठरवण्याचा दुसरा कोणताही मार्ग इतका खात्रीचा नाही. धावपट्टीची ओळख पटवून न घेता उतरले की काय होते याचे मुंबईतलेच उदाहरण आहे. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-8 हे मोठे जेट सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि तिच्यापलीकडे गेले. जीवितहानी झाली नाही, पण विमान कायमचे निकामी झाले. वैमानिक तेव्हा डोळ्यांनी पाहून उतरत होते.

सुई हलते, पण खोटे बोलते

फ्लॅग नाही, सुई जिवंत आहे, तरी धावपट्टी भलतीकडेच दिसते, हा प्रकार अधिक त्रासाचा. बहुतेक वेळा सुई आयएलएसची नसतेच. आधुनिक विमानात एकच सुई दोन मालकांसाठी काम करते, जीपीएस आणि रेडिओ. जीपीएस निवडलेले असेल तर रेडिओत काहीही भरा, सुई जीपीएसचीच रेषा दाखवत राहते. जी1000 पडद्यावर ही रेषा जांभळट गुलाबी असते आणि रेडिओची हिरवी. रंग पाहिला तर या गोंधळाचे कारण लगेच कळते. सीडीआय लिहिलेले बटण मालक बदलते. आयएलएस भरल्यावर काही विमाने हा बदल स्वतः करतात, काही करत नाहीत. आणि स्वतः करणाऱ्यांनाही विमान शेवटच्या टप्प्याजवळ आल्याशिवाय तो करता येत नाही.

सुई उलटी चालण्याचे कारण वेगळे असते. साध्या गोल उपकरणात लोकलायझर लावल्यावर दिशा ठरवणारी गोल कळ कुठेही फिरवा, सुईवर काही परिणाम होत नाही. तरी आठवणीपुरती तिथे धावपट्टीची दिशा लावून ठेवतात. होकायंत्र आणि सुई एकत्र असलेल्या एचएसआय या उपकरणात मात्र ती कळ महत्त्वाची. 09 वर उतरताना बाण 090 वर हवा. तो 270 वर राहिला असेल तर सुई आरशात पाहिल्यासारखी वागते. डावीकडे वळा म्हणते तेव्हा उजवीकडे वळायचे असते. लोकलायझरच्या मागच्या बाजूलाही एक कमजोर झोत पडतो. काही सिम्युलेटर तोही दाखवतात. विरुद्ध टोकाकडून त्यात शिरलेल्या विमानाच्या साध्या उपकरणालाही सगळे उलटेच दिसते.

एकाच धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आयएलएस असेल, तर कधी कधी दोघांना एकच वारंवारता दिलेली असते. खऱ्या विमानतळावर एका वेळी एकच चालू राहील अशी सोय केलेली असते आणि तो निर्णय वाऱ्यावरून होतो. सिम्युलेटरला असा निर्णय घेणारा नियंत्रक नसतो. काही सिम्युलेटर वाऱ्यावरून अंदाज करतात, काही विमानाच्या जागेवरून, आणि काही दोन्ही चालू ठेवून घोळ घालतात. सेटिंगमध्ये वाऱ्याची दिशा उतरायच्या टोकाला समोरून येईल अशी केली आणि सुई सरळ झाली, तर कारण सापडले असे समजावे.

ग्लाइड स्लोपच्या खोटेपणाला मात्र भौतिकशास्त्राचाच आधार आहे. अँटेनाच्या रचनेमुळे खऱ्या 3 अंशांच्या वरती, 9 अंशांच्या आसपास, आणखी एक उतार तयार होतो. मधे 6 अंशांजवळ सुई उलटी वागणारा प्रदेश असतो. ज्या सिम्युलेटरांनी हा बारकावा घेतला आहे त्यांत वरून घाईने उतरणारे विमान या खोट्या उतारावर सापडू शकते. सुई मधोमध असते, फ्लॅग नसतो, पण विमान 90 नॉट वेगाने मिनिटाला 1,400 फूट कोसळत असते. चिकलठाण्यापासून 8 सागरी मैलांवर हा खोटा उतार साडेनऊ हजार फुटांच्या आसपास भेटतो आणि खरा साडेचार हजारांवर. म्हणूनच उंचीचे आकडे आधी कागदावर मांडायचे आणि ग्लाइड स्लोप नेहमी खालून पकडायचा.

ऑटोपायलटचा हट्ट

सुई दोन्ही अंगांनी निर्दोष असते, हाताने उडवले तर विमान नीट उतरते, पण ऑटोपायलट ते घेत नाही, अशीही तक्रार असते. इथे सिग्नलचा काही संबंध नाही. दिशादर्शनाचे एनएव्ही बटण फक्त लोकलायझर धरते. ग्लाइड स्लोपसाठी एपीआर किंवा अ‍ॅप्रोच हे बटण लागते. ते दाबल्यावर ऑटोपायलट आधी ‘सज्ज’ होतो आणि सुई सुटल्यावर ‘पकडतो’. तोपर्यंत दिशा धरून ठेवणारी कळ चालू हवी, नाहीतर विमान भलतीकडे जाते. मध्यरेषेशी 30 अंशांचा कोन उत्तम. 90 अंशांनी आडवे आल्यास वळण पुरत नाही आणि विमान मध्यरेषा ओलांडून पलीकडे निघून जाते. विमान उताराच्या वर असेल तर बरेचसे ऑटोपायलट ग्लाइड स्लोप पकडतच नाहीत. ते खालूनच पकडण्यासाठी बनवलेले असतात. शिवाय जीपीएसची सुई निवडलेली असताना एपीआर दाबले तर ऑटोपायलट जीपीएसच्याच मागे जातो आणि आयएलएसकडे ढुंकूनही बघत नाही.

जुने तक्ते, नवे विमानतळ

इतके सगळे तपासूनही उत्तर मिळाले नाही, तरच तक्त्याकडे वळावे. महाराष्ट्रातील उड्डाणांत हा दोष वाटतो त्यापेक्षा अधिक येतो, कारण राज्याचा हवाई नकाशा गेल्या दहा वर्षांत झपाट्याने बदलला. शिर्डी विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला, सिंधुदुर्गातील चिपी 9 ऑक्टोबर 2021 रोजी, अमरावतीचे बेलोरा एप्रिल 2025 मध्ये. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि प्रवासी उड्डाणे त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला सुरू झाली. 2006 मध्ये आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये यांतला एकही विमानतळ आजच्या रूपात असणे शक्य नाही. ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या मूळ प्रतीतही चिपीची प्रवासी उड्डाणे आणि नवी मुंबई पुढच्या काळातली. खऱ्या जगातली दिशादर्शनाची माहिती दर 28 दिवसांनी नवी निघते. घरचा तक्ता किती जुना आहे हे सिम्युलेटरच्या माहितीपानावर लिहिलेले असते.

अवघड दोष तक्ता आणि देखावा यांच्या भांडणातून निघतात. एखाद्या हौशी माणसाने उपग्रह छायाचित्रांवरून बनवलेला विमानतळ वेगळा बसवला जातो. त्यात धावपट्टी योग्य जागी सरकते, पण लोकलायझर जुन्या तक्त्यातल्या जागीच राहतो. मग सुई मधोमध ठेवून उतरणारे विमान धावपट्टीच्या शेजारच्या गवतात उतरते. हा दोष ओळखण्याची खूण अशी की चूक दर वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला असते. तो बाहेरचा विमानतळ बंद करून पुन्हा उतरून पाहिले की निकाल लागतो. अमेरिकेत किंवा युरोपात जुन्या सिम्युलेटरांमध्ये आणखी एक कारण सापडते: चुंबकीय उत्तर सरकल्यामुळे दिशांचे आकडे काही अंशांनी चुकतात. महाराष्ट्रात मात्र चुंबकीय आणि भौगोलिक उत्तरेतला फरक एक अंशाच्या आसपासच राहतो, त्यामुळे चिकलठाण्याच्या उड्डाणात हे कारण बाजूला ठेवायला हरकत नाही.

एक्स-प्लेन आणि फ्लाइटगियर यांचे तक्ते साध्या मजकुराच्या धारिकांत असतात आणि ते उघडून वाचता येतात. ओळीच्या सुरुवातीचा अंक साधनाचा प्रकार सांगतो. 3 म्हणजे व्हीओआर, 4 म्हणजे आयएलएसचा लोकलायझर, 6 म्हणजे ग्लाइड स्लोप. पुढे अक्षांश, रेखांश, उंची आणि वारंवारता, 110.30 ही तिथे 11030 अशी लिहिलेली असते. ग्लाइड स्लोपच्या ओळीत उताराचा कोन आणि दिशा एकाच आकड्यात गुंफलेली असतात: 300090 म्हणजे उतार 3.00 अंश आणि दिशा 090. विमानतळाचे संकेताक्षर आणि धावपट्टीचा क्रमांक ओळीत मागच्या बाजूला असतात. 4 ची ओळ आहे आणि 6 ची नाही, असे दिसले तर ग्लाइड स्लोप न मिळण्याचे कारण तिथेच संपते. दोन वेगळ्या तक्त्यांतून आलेल्या, एकाच धावपट्टीच्या दोन ओळी सापडल्या तर सिम्युलेटर कोणती उचलतो यावर सुईचे वागणे अवलंबून राहते. अशी धारिका बदलण्याआधी तिची प्रत वेगळी ठेवावी.

एका वेळी एकच बदल

शोधाचा क्रम सोपा ठेवावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वारा आणि ढग बंद करून, स्वच्छ दिवसा, सिम्युलेटरबरोबर आलेल्या साध्या सेसनाने, धावपट्टीपासून दहा सागरी मैलांवरून मध्यरेषेवरच उड्डाण सुरू करावे आणि हाताने उडवावे. सुई चालली तर मूळ विमान किंवा मूळ मार्ग दोषी. नाही चालली तर तेच विमान घेऊन मुंबईच्या 27 वर जावे. तिथली वाहतूक मोठी असल्याने तक्त्यात तिची नोंद सहसा नीट असते. मुंबईला चालली आणि चिकलठाण्याला नाही, तर चिकलठाण्याची नोंद तपासावी. दोन्हीकडे नाही, तर कळफलकाची किंवा जॉयस्टिकची जोडणी पाहावी. एकाच कळीला दोन कामे दिलेली असतील तर वारंवारता बदलताना जीपीएसही बदलत राहतो, आणि हे कित्येक आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही.

जिथे आयएलएस बसवलेलाच नाही, अशा असंख्य लहान धावपट्ट्यांवर शोधण्यासारखे काहीच नसते. भारतात अशा ठिकाणांसाठी आता गगन ही उपग्रहांवर आधारित यंत्रणा वापरता येते. 28 एप्रिल 2022 रोजी इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातील किशनगडला तिच्या साहाय्याने उतरले. विमानतळावर कोणताही अँटेना न उभारता ती डावे-उजवे आणि वर-खाली दोन्ही सांगते; सिम्युलेटरमध्ये ती चालण्यासाठी सुईवर जीपीएसच निवडलेले असावे लागते, म्हणजे आयएलएसच्या अगदी उलट.

सिम्युलेटरचे तक्ते, त्यांतल्या वारंवारता आणि या प्रकरणात केलेले उंचीचे हिशेब घरच्या सरावासाठी आहेत. खऱ्या विमानात बसणाऱ्याने ते वापरू नयेत.